शर्यतीचे स्वार आणि आपली घरे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत सभासद-कुटुंबांची सूची छापण्याचा प्रघात आहे. तिची मुद्रिते तपासण्याचे काम संपादक मंडळींनी या खेपेस आमच्याकडे सोपविले. 'घरातील ज्येष्ठांचा व्यवसाय' या रकान्यात शेती, शिक्षक, गिरणी, रेल्वे, एस. टी. अशा नोंदी होत्या. त्यांत अधूनमधून 'मुंबईस खासगी नोकरी' एवढीच मोघम नोंद आढळे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील अशा काही घरी आम्ही चौकशी केली, तेव्हा दोन-तीन ठिकाणी आवाज जरा खाली करून उत्तर मिळाले, ''रेसमध्ये होते.'' हे ऐकून आमच्यासोबतच्या एका उत्साही तरुणाने विचारले, ''म्हणजे जॉकी होते काय? मग त्यांचा फोटोच छापू या!'' त्यावर घरातील आजीबाई म्हणाल्या, ''जॉकी कुठले बाबा, घोड्यांची चाकरी करायचे.''

तरुणाचा प्रश्न आणि आजीबाईंचे उत्तर, या दोहोंच्या मध्ये एक इतिहास दडलेला आहे असे आम्हांस वाटले. जॉकी म्हणजे शर्यतीचा धंदेवाईक स्वार. तो कोणत्या घरातून येतो? स्वारी त्याच्या रक्तात असते, की परिस्थिती त्यास खोगिरावर बसवते? आणि आपल्या दोन तालुक्यांचा या धंद्याशी जो संबंध आला, तो स्वार म्हणून का आला नाही? या प्रश्नांचा विचार आम्ही येथे यथामति करीत आहोत.

घोडा आपल्या मुलखास नवा नाही. मुरबाड तालुक्यातून वर चढणारा नाणेघाट हा सातवाहनांचा राजमार्ग. तेथील लेण्यात राणी नागनिकेचा जो शिलालेख आहे, त्यात अश्वमेध यज्ञांचा उल्लेख आहे. शहापूरजवळच्या माहुली गडावर १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीची अखेरची झुंज दिली. पुढे मराठी राज्यात घोडदळाचे दोन वर्ग असत, हे वाचकांस ठाऊकच आहे. स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार आणि सरकारी पागेतील घोड्यावर बसे तो बारगीर. बारगिराच्या अंगी कसब कितीही असले तरी घोडा त्याचा नसे.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तितक्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद अशी ती व्यवस्था होती. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा यांची गणना सभासदाने स्वारांच्या बरोबरीने केली आहे. घोडदळ म्हणजे केवळ घोड्यावर बसलेली माणसे, असे त्या काळच्या लेखकास वाटले नाही. हा दृष्टांत पुढे आम्हांस उपयोगी पडणार आहे.

आता मुंबईकडे वळू. इंग्रजी अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भायखळ्यास घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. मुंबई त्या काळी घोड्यांच्या व्यापाराचे मोठे बंदर होते. इराणी आखाताकडून अरबी घोडे येत आणि पुढे ऑस्ट्रेलियातून 'वेलर' जातीचे घोडे लष्करासाठी येऊ लागले. १८८३ मध्ये महालक्ष्मीचे रेसकोर्स तयार झाले. पुण्याचे रेसकोर्स त्याहून जुने, १८३० च्या सुमाराचे, आणि ते लष्कराच्या जागेवर आहे. पश्चिम हिंदुस्थानातील शर्यतींची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने १९२५ मध्ये वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब हे नाव घेतले, आणि १९३५ मध्ये त्यामागे 'रॉयल' ही उपाधी लागली. हिवाळ्यात मुंबई आणि पावसाळ्यात पुणे असा शर्यतींचा क्रम ठरून गेला. नोव्हेंबर ते एप्रिल महालक्ष्मी आणि जुलै ते ऑक्टोबर पुणे, हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. आपल्या घरांच्या कहाणीत त्यास महत्त्व आहे.

आरंभी स्वार असत ते बहुधा लष्करी अंमलदार. त्यांस शर्यत म्हणजे हौस. पुढे बक्षिसांच्या रकमा वाढल्या, संस्थानिक आणि धनिक मालक पुढे आले आणि पगारी स्वारांची गरज पडली. हे स्वार विलायतेहून व ऑस्ट्रेलियाहून आणविले जात. १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली. ती बडोद्याच्या गायकवाड महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने जिंकली, आणि तिच्यावर स्वार होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन. याच ब्रिटने १९४७ मध्ये विलायतेतील प्रसिद्ध सेंट लेजर शर्यत महाराजांच्या 'सयाजीराव' नामक घोड्यावर जिंकली. मालक मराठा राजा, घोड्याचे नावही मराठी, पण खोगिरावर परदेशी माणूस, असा तो काळ होता.

त्याच १९४३ सालच्या २ जानेवारीस मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे वीर पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. एकाच वर्षी, एकमेकांपासून फार लांब नसलेल्या दोन ठिकाणी, दोन निराळ्या दुनिया नांदत होत्या. आपल्या वाडवडिलांपैकी काहींचा पाय या दोन्ही दुनियांत होता. सिद्धगडाच्या परिसरात त्यांचे घर होते आणि महालक्ष्मीस त्यांची भाकरी होती.

जॉकी कोणत्या घरांतून येतात, हे पाहण्यासाठी आता थोडे दूर जाऊ. इंग्लंडात फ्रेड आर्चर नावाचा स्वार होऊन गेला. १८७४ पासून १८८६ पर्यंत सलग तेरा वर्षे तो तेथील अग्रगण्य जॉकी होता आणि त्याने एकूण २,७४८ शर्यती जिंकल्या. त्याचा बाप स्वतः जॉकी. त्याने १८५८ ची ग्रँड नॅशनल शर्यत जिंकली होती. लेस्टर पिगट याचे घराणे तर याहून पक्के. आजोबांनी ग्रँड नॅशनल दोनदा जिंकली, वडीलही स्वार व शिक्षक, आणि नातवाने १९५४ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी पहिली डर्बी जिंकून पुढे एकंदर नऊ डर्ब्या मिळविल्या. एवढेच पाहिले तर स्वारी ही वंशपरंपरेने येते, असे कोणासही वाटेल.

पण त्याच इंग्लंडात गॉर्डन रिचर्ड्स हा कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा. तो सव्वीस वेळा अग्रगण्य जॉकी ठरला, ४,८७० शर्यती जिंकला आणि १९५३ मध्ये 'सर' झाला. त्याच वर्षी 'पिन्झा' या घोड्यावर त्याने आयुष्यातील एकुलती एक डर्बी जिंकली. खाणकामगाराच्या घरात स्वारीचे रक्त कोठून आले असावे?

अमेरिकेची कथा याहून बोधप्रद आहे. १८७५ मध्ये पहिली केंटकी डर्बी झाली. तीत भाग घेणाऱ्या पंधरा स्वारांपैकी तेरा कृष्णवर्णीय होते, आणि जिंकला तो ऑलिव्हर लुइस हाही त्यांच्यापैकीच. पहिल्या अठ्ठावीस डर्ब्यांपैकी पंधरा त्यांनीच जिंकल्या. आयझॅक मर्फी याने १८८४, १८९० आणि १८९१ अशा तीन डर्ब्या मिळविल्या. याचे कारण उघड आहे. दक्षिणेतील मळ्यांवर घोड्यांची सारी निगा गुलामांकडे होती. तबेल्यात राबणाऱ्यांची मुले घोड्यांतच वाढली आणि गुलामगिरी सुटल्यावर तीच मुले खोगिरावर चढली. पुढे या धंद्यात पैसा आणि मान आला, तसे वर्णद्वेषाने त्यांस बाहेर लोटले. जिमी विंकफील्ड याने १९०१ आणि १९०२ मध्ये डर्बी जिंकली, आणि त्यानंतर त्यास पोटासाठी रशिया गाठावी लागली. १९२१ नंतर थेट २००० सालापर्यंत त्या शर्यतीत एकही कृष्णवर्णीय अमेरिकन स्वार दिसला नाही. त्यांचे रक्त काही वीस वर्षांत बदलले नव्हते. त्यांच्यापुढे तबेल्याचे दार तेवढे बंद झाले होते.

ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली की आमच्या मते एकच निष्कर्ष निघतो. लहानपणी घोड्याचा सहवास, अंगाचा लहान बांधा, हाताखाली घेऊन शिकविणारा कोणी, आणि आत शिरू देणारे दार, या चार गोष्टी जुळल्या म्हणजे जॉकी होतो. ज्या घरात बाप स्वार असतो तेथे या चारही गोष्टी आपोआप जुळतात, आणि म्हणून आपण त्यास रक्त म्हणतो.

आपल्याकडेही हेच दिसते. स्वातंत्र्यानंतर परदेशी स्वार कमी होत गेले आणि देशी स्वार पुढे आले. मागील पिढीतील रेसचे जाणकार पांडू खाडे आणि वसंत शिंदे यांची नावे आजही आदराने घेतात. पारशी समाजातील पेसी श्रॉफ यांनी सतराशेहून अधिक शर्यती व आठ इंडियन डर्ब्या जिंकून २००४ मध्ये स्वारी थांबविली, आणि ते घोडे तयार करणारे 'ट्रेनर' झाले. नरेडू घराण्यात मालेश आणि सतीश हे दोघेही जॉकी व पुढे ट्रेनर. सतीश यांचे चिरंजीव सूरज यांनी २०१६ मध्ये 'डेझर्ट गॉड' या घोड्यावर इंडियन डर्बी जिंकली. पिगट घराण्याचा हा आपल्याकडील नमुनाच म्हणावा.

येथे ज्ञातिबांधवांस एक नम्र सूचना करावीशी वाटते. एखाद्या प्रसिद्ध स्वाराचे आडनाव आपल्या ओळखीचे दिसले की 'हा आपल्यापैकीच' म्हणून त्यास आपल्या सूचीत ओढण्याचा मोह होतो. पुराव्यावाचून तसे करू नये. दुसऱ्यांची माणसे आपली म्हणण्यापेक्षा, जी खरोखर आपली होती त्यांची नोंद करणे अधिक योग्य होय.

जॉकीचे जीवन गर्दीस दिसते तेवढे सुखाचे नाही. पोर बारा-पंधरा वर्षांचे असतानाच तबेल्यात येते. पहाटे घोड्यांची रपेट असते. तीत त्यास प्रथम शांत घोड्यावर, मग खोडकर घोड्यावर बसवितात. ट्रेनरच्या हाताखाली तो शिकाऊ जॉकी होतो. अनुभवी स्वारांपुढे टिकाव लागावा म्हणून शिकाऊ स्वाराच्या घोड्यास वजनात सूट असते. विजय वाढतील तशी ती सूट कमी होत जाते आणि शेवटी नाहीशी होते. पुष्कळ मुले याच टप्प्यावर मागे पडतात. कारण सूट आहे तोवर ट्रेनर बोलावतो, ती संपली की त्याच्यापुढे कसलेले स्वार उभे असतात.

शर्यतीपूर्वी आणि शर्यतीनंतर स्वारास खोगिरासह काट्यावर उभे राहावे लागते. इंडियन डर्बी ही २,४०० मीटरची शर्यत. तीत नर घोड्यावर ५७ किलो भार ठरलेला आहे. वजन कमी भरले तर शिशाचे तुकडे घालून भरती करता येते. जास्त भरले तर मात्र उपाय नाही. म्हणून जॉकी अर्धपोटी राहतो, घाम काढतो, तहान मारतो. फ्रेड आर्चर उंच होता. वजन उतरविण्याच्या हव्यासाने त्याचे शरीर आणि मन दोन्ही खचले. पत्नी बाळंतपणात गेली होती. १८८६ मध्ये तापाने ग्रासलेला असताना, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. आपल्या महालक्ष्मीवर १९७९ मध्ये कार्ल उमरीगर हा होतकरू स्वार घोड्यावरून पडून जखमी झाला आणि त्यातच दगावला. तो एकोणीस वर्षांचा होता.

धंद्याची अखेरही अशीच अनिश्चित. थोडे ट्रेनर होतात. काही पहाटेची रपेट घेण्यापुरते तबेल्यात राहतात. बाकीच्यांची नावे रेसच्या जुन्या पुस्तकांत राहतात. जॉकीच्या अंगावरचे रंगीत रेशीम मालकाचे, घोडा मालकाचा, कसब तेवढे त्याचे. तो आजच्या काळातला बारगीरच आहे.

आता आपल्या घरी येऊ. रेल्वे कल्याणास १८५४ मध्ये, वासिंदास १८५५ मध्ये आणि कसाऱ्यास १८६१ मध्ये पोहोचली. मुरबाडास ती आजही पोहोचलेली नाही. रेल्वे आली आणि आपल्या वरकस माळांवरील गवतास मुंबईची बाजारपेठ मिळाली. मुंबईत ट्रामचे घोडे होते, व्हिक्टोरिया होत्या, लष्कराचे व शर्यतीचे घोडे होते, म्हशींचे तबेले होते, आणि या सर्वांस वैरण लागे. दसरा झाला की माळावर विळे चालू लागत. भारे बांधून गंजी रचल्या जात, पुढे ते गवत दाबून त्याचे गठ्ठे होत आणि वाघिणींतून मुंबईस जात. मुरबाडकडचे गवत बैलगाड्यांनी कल्याणास उतरे. १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणीही मुंबईस जाऊ लागले. असा हा आमच्या तालुक्यांचा मुंबईशी जुना ऋणानुबंध. गवत आमचे, पाणी आमचे. आणि त्यामागोमाग माणसेही गेली.

गवताच्या गाडीबरोबर मुंबईस गेलेला तरुण वखारीत ओळख काढी, वखारवाला तबेल्यात चिठ्ठी देई, आणि तो मोतद्दार होई. मोतद्दाराचे काम पहाटे अंधारात सुरू होते. लीद काढणे, खरारा करणे, चंदी-पाणी देणे, रपेटीहून आलेल्या घोड्यास घाम जिरेपर्यंत हळूहळू फिरविणे, पायांस मालिश करणे, खूर पाहणे, हे सारे त्याच्याकडे. घोड्याने चंदी अर्धी टाकली, एक पाय किंचित उचलून धरला, डोळा मंद झाला, तर ते प्रथम त्यास कळते. मग तो ट्रेनरला सांगतो. शर्यत जिंकल्यावर घोड्याचा लगाम धरून त्यास आत आणणारा तोच असतो. छायाचित्रात मालक, ट्रेनर आणि जॉकी यांची नावे खाली छापतात. चौथा माणूस चित्रात असतो, पण त्याचे नाव नसते.

मग या मोतद्दारांची मुले जॉकी का झाली नाहीत? आम्ही ज्या घरांत विचारपूस केली, तेथे एकच चित्र दिसले. बाप मुंबईस एकटा राहिला आणि कुटुंब गावी राहिले. दीड-दोन एकर भाताची जमीन, म्हातारी आई, जोडीचे बैल, हे सोडून सारे घर तबेल्याशेजारी हलविणे परवडणारे नव्हते. मुलगा बापाबरोबर तबेल्यात वाढला असता तर बारा वर्षांचा होता होता घोड्यावर बसला असता. तो वाढला चिखलणीत आणि गुरांमागे. ज्यांची बिऱ्हाडे तबेल्याच्या आसपास होती, त्यांच्या मुलांपुढे ते दार उघडे होते. आपल्या मुलांपुढे ते नव्हते.

यास पुष्टी देणारे उदाहरण जवळच आहे. शेजारच्या रायगड जिल्ह्यातील माथेरानास मोटारींना बंदी असल्याने तेथे घोडा हेच अनेक कुटुंबांच्या पोटापाण्याचे साधन झाले. तेथील घोडेवाल्यांची मुले चालता येऊ लागताच घोड्यापाशी असतात. तेथे ऑलिंपिया नावाचे शर्यतीचे मैदानही आहे आणि त्यावर स्थानिक पोरे धावती घोडी सहज आवरतात. हुतात्मा कोतवाल हेही मूळ माथेरानचेच. माथेरान आणि मुरबाड यांच्यामध्ये फार अंतर नाही, आणि रक्तही काही निराळे नाही. फरक एवढाच की तेथे घोडा घरापाशी आहे आणि आपल्याकडे बैल.

बैलाच्या बाबतीत मात्र आपली मुले कोणास हार जाणारी नाहीत. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस म्हसोबाची यात्रा भरते. तेथील जनावरांच्या बाजारात जातिवंत बैल पारखणारे म्हातारे आणि बैलगाडीच्या शर्यतीत कासरा धरणारे तरुण आजही पाहावेत. या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली होती. २०२१ च्या डिसेंबरात त्यांस पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने संबंधित कायदा ग्राह्य धरला. ज्या हातांत हे कसब आहे त्यांच्यापुढे घोडा आला असता तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

शर्यतींच्या हंगामाचा उल्लेख आम्ही वर केला, त्याचे कारण आता सांगतो. जुलैत आपल्याकडे भाताची लावणी, आणि तेव्हा पुण्याचा हंगाम सुरू. गणपतीस घोडे पुण्यासच. दिवाळीच्या सुमारास ते मुंबईस येत, आणि नोव्हेंबरात तेथील हंगाम लागे. झोडणी, म्हशाची यात्रा, होळी, सर्व काही त्या हंगामात बुडाले. मोतद्दार घरी येई तो वैशाख-ज्येष्ठात. त्या घरांतील लग्ने, साखरपुडे, घराची शाकारणी, बापलेकांची भेट, सारे त्या चार-सहा आठवड्यांत उरकावे लागे. लावणीस वाकलेली पाठ त्याच्या बायकोची होती. गणपती आणणारे हात धाकट्या भावाचे होते. घोड्याची चाकरी एक माणूस करी, पण तिचा भार सारे घर वाही.

आता एक कटु गोष्ट सांगितली पाहिजे. रेस या शब्दाशी आपल्या घरांत लाज जोडली गेली आहे, ती उगाच नव्हे. मुंबईच्या अनेक कष्टकऱ्यांची मजुरी घोड्यांवर लागली. पितळेची भांडी गेली, पाटल्या गेल्या, जमिनी गहाण पडल्या. शर्यतींच्या मैदानांस परवाना लागावा असा कायदा मुंबई प्रांतात १९१२ मध्येच झाला होता; पण कायद्याने लोभ आवरत नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. घोड्याची पैदास, त्याचे शिक्षण आणि जॉकीचे कसब यांवर निकाल अवलंबून असतो, असे न्यायालयाने मानले. आम्ही म्हणतो, कौशल्य घोड्यावरच्या व घोड्यामागच्या माणसाचे असते. खिडकीवर पैसे लावणाऱ्या गरिबाच्या वाट्यास बहुधा पश्चात्तापच येतो. म्हणून या लेखातून कोणी रेस खेळण्याचे समर्थन काढू नये. परंतु पैसे लावून घर बुडविणारा आणि पहाटे उठून घोड्याचे पाय चोळणारा, या दोघांना आपण एकाच लाजेत झाकले, ही आपली चूक झाली.

ही चूक आम्हीही केली आहे. आमच्या आजोबांचे धाकटे बंधू मुंबईस व पुण्यास मोतद्दार होते. त्यांच्या भावकीतील एकाने रेसपायी घरची जमीन गहाण टाकल्यामुळे आमच्या घरात 'घोडा' हा शब्दही कोणी काढीत नसे. चुलत आजोबा मात्र आयुष्यात एकदाही पैसे लावावयास गेले नाहीत. उन्हाळ्यात गावी आले की ते गोठ्यातील बैलाचे खूर हातात घेऊन पाहत आणि कोणता पाय दुखरा आहे ते न चुकता सांगत. गावातील लोक जनावर दाखवायला त्यांच्याकडे येत. त्यांनी साठविलेल्या पगारातून गहाण जमिनीचा एक तुकडा सुटला, आणि त्याच तुकड्याच्या भातावर आमच्या वडिलांचे शिक्षण झाले. असे असता, पूर्वी मंडळाचा कागद भरण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या नावापुढे 'मुंबईस खासगी नोकरी' असे आम्हीच स्वहस्ते लिहिले. या खेपेस मुद्रिते तपासताना ती ओळ आमच्याच अक्षरातून छापली गेली आहे, हे आम्हांस आठवले आणि खंत वाटली. या अंकातील सूचीत ती ओळ आम्ही दुरुस्त केली आहे. तेथे आता 'मोतद्दार, महालक्ष्मी व पुणे' असे वाचावयास मिळेल.

काळ थांबत नाही. महालक्ष्मीच्या जागेचा जुना भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला होता. २०२४ मध्ये झालेल्या निर्णयानुसार तेथील सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे गेली आणि ९१ एकर क्लबकडे तीस वर्षांच्या नव्या भाडेपट्ट्याने राहिली. शर्यती राहतील, भोवतालचे रूप मात्र बदलणार. तेथे चाकरी केलेली आपली पिढी तर बहुतेक गेलीच आहे. त्यांच्या सुना आणि धाकटी भावंडे तेवढी उरली आहेत आणि त्यांच्याकडे जे आहे ते कोणत्याही छापील पुस्तकात सापडावयाचे नाही.

म्हणून सभासद-कुटुंबांस आमची विनंती आहे. ज्या घरी अशी नोकरी होऊन गेली त्यांनी पुढील गोष्टी कागदावर लिहून मंडळाकडे द्याव्यात. माणसाचे नाव व गाव, मुंबईस कोणाच्या ओळखीने गेला, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत काम केले, राहण्याची जागा कोणती, घरी केव्हा येई, त्याच्यामागे शेत कोणी केले, आणि घोड्यांविषयी तो काय सांगे. शेत करणाऱ्या बाईचे नाव अवश्य लिहावे. त्या माणसाने एखाद्या प्रसिद्ध घोड्याची निगा राखली असल्यास आणि तसा पुरावा असल्यास तेही लिहावे. नसल्यास मुळीच अडत नाही. तबेल्यातील एखादा जुना खरारा, नाल किंवा छायाचित्र घरात असेल तर ते टाकून देऊ नये.

आणि उद्या आपल्यापैकी एखाद्या मुलाने वा मुलीने जॉकी होण्याची इच्छा धरली, तर घरच्यांनी 'आपल्या रक्तात नाही' असे म्हणून त्यास अडवू नये. चेन्नईच्या रूपा सिंग यांच्यासारख्या स्त्रियांनी हा धंदा पत्करून नाव मिळविले आहे. धंदा जोखमीचा आहे, हे त्यास स्पष्ट सांगावे. शाळा पुरी करावयास लावावी. मग जाऊ द्यावे. ज्या तरुणाने फोटो छापण्याची भाषा केली होती, तो मागाहून त्या आजीबाईंकडे पुन्हा गेला आणि ट्रंकेतून एक पिवळा पडलेला फोटो घेऊन आला. त्यात एक तांबूस घोडा आहे, त्यावर रेशमी कपड्यातला जॉकी आहे आणि बाजूस लगाम धरून मुंडासे घातलेला एक बारीक माणूस उभा आहे. फोटोच्या खाली तीन नावे छापलेली आहेत. चौथे नाव त्या तरुणाने आजीबाईंना विचारून मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. कुटुंबीयांची संमती मिळाल्यास मंडळाच्या पुढील अंकात तो फोटो चारही नावांनिशी छापण्याचा संपादक मंडळींचा विचार आहे.